घंटा वाजली नाही, कारण ती वाजायला नको होती

२१ एप्रिल २०२५ला अमेरिकेतल्या ऑरलँडो विमानतळावर डेल्टा कंपनीचं एअरबस ए-३३० विमान अटलांटाला निघत होतं. गेटवरून मागे ढकललं जात असताना एका इंजिनाच्या मागच्या तोंडातून ज्वाळा दिसल्या. २८२ प्रवाशांना घसरगुंड्यांवरून खाली उतरवलं, कुणाला इजा झाली नाही. असे व्हिडिओ आले की खाली ठरलेला मजकूर फिरू लागतो: ‘इंजिनाला आग लागली. कॉकपिटमध्ये अलार्मसुद्धा वाजला नाही. पायलटने आग विझवायचं बटण दाबलं नाही, उलट इंजिन फिरवत बसला. पंखात टनावारी पेट्रोल, स्फोट होणारच होता.’ अहमदाबादच्या अपघातानंतर लोक धास्तावलेत, ते समजू शकतं. पण हा मजकूर जवळजवळ ओळीगणिक चुकलाय.

पहिली ओळ घ्या. चालू जेट इंजिनात आग असतेच. ज्वलनकक्षातून निघालेला वायू टर्बाइनवर, म्हणजे मागच्या पात्यांच्या चाकांवर, आदळतो तेव्हा हजार अंशांच्या पुष्कळ वर असतो. तेव्हा प्रश्न आग आहे का हा नाही, ती कुठे आहे हा आहे. इंजिन सुरू करताना आधी स्टार्टर त्याला नुसतं फिरवतो. आतला गाभा साधारण कमाल वेगाच्या २० ते २५ टक्क्यांवर आला की इंधन सोडतात आणि ठिणगी देतात. ठिणगी उशिरा पडली, इंधन जास्त गेलं किंवा मागून वारा आत घुसत असला, तर न जळलेलं इंधन आत साचतं आणि मग एकदम पेट घेतं. पंपाचा स्टोव्ह बर्नर तापण्याआधीच पंप मारला की कसा भडकतो, तसंच. इंधनही जवळपास तेच आहे. विमानात पेट्रोल नसतं, शुद्ध केलेलं रॉकेल असतं. ३८ अंशांच्या खाली त्याची वाफ सहजी पेट घेत नाही, पेट्रोलची शून्याखालीही घेते.

आता अलार्म. आगीची सूचना देणाऱ्या तारा इंजिनाच्या बाहेरच्या अंगाला, आवरणाच्या आत फिरवलेल्या असतात. जिथे आग असायला नको, तिथली उष्णता त्या टिपतात. ज्या नळकांड्यातून तप्त वायू जायचाच असतो, त्याच्या आत त्या बसवल्या तर दर उड्डाणाला घंटा वाजेल. त्यामुळे मागच्या नळकांड्यातली आग वैमानिकाला बहुधा दुसरं कुणीतरी सांगतं: खाली हेडसेट लावून उभा असलेला ग्राउंड स्टाफ, टॉवर, नाहीतर खिडकीतून पाहिलेले केबिन क्रू. बोइंग ७३७च्या चेकलिस्टमध्ये या प्रसंगाची व्याख्याच अशी आहे की ज्वाळा आहेत, पण आगीचा इशारा नाही.

‘बटण दाबलं नाही’ हा आरोप सगळ्यात जोरात होतो, आणि नेमका तोच सगळ्यात फोल. ते बटण दाबून सोडायच्या बाटल्यांमधला वायू आवरण आणि इंजिन यांच्यामधल्या पोकळीत जातो. आग आत आणि औषध बाहेर, उपयोग शून्य. एअरबसमध्ये तर ते बटण दाबलं की इंजिन चालवणाऱ्या संगणकाची वीज तुटते आणि मग इंजिन फिरवताही येत नाही. आणि फिरवणं हाच तर उपाय आहे! इंधन बंद करायचं, ठिणगी बंद, आणि स्टार्टरने कोरडंच फिरवत राहायचं. आत जळायला नवीन काही येत नाही, उरलंसुरलं हवेच्या झोताबरोबर बाहेर फेकलं जातं, धातू थंड होतो. बाहेरून फायर ब्रिगेडची पावडर किंवा फेस मारणं शेवटचा उपाय, कारण त्याने इंजिनाचे सुटे भाग गंजून निकामी होऊ शकतात.

स्फोटाबद्दल मात्र थोडं थांबायला हवं, कारण भीती हवेतून आलेली नाही. २२ ऑगस्ट १९८५ला मँचेस्टरला ब्रिटिश एअरटूर्सच्या ७३७चा ज्वलनकक्ष उड्डाणाच्या धावेत फुटला, तुकड्याने पंखातल्या टाकीचं झाकण भेदलं, आणि ५५ माणसं गेली. तिथे आग नळीतून सुटून थेट इंधनाला भिडली होती. आवरणातून धूर, पंखाखाली ज्वाळा, जमिनीवर सांडलेलं पेटतं इंधन दिसलं तर तो वेगळा प्रसंग आणि त्याची वेगळी चेकलिस्ट. खिडकीतल्या प्रवाशाला हा फरक कळेलच असं नाही. त्याने जे दिसतंय ते क्रूला ओरडून सांगावं, दरवाजा स्वतः उघडू नये. घसरगुंडीवरून उतरणं निर्धोक नसतं: जून २०२३मध्ये हाँगकाँगला कॅथे पॅसिफिक कंपनीच्या विमानातून प्रवासी असेच बाहेर काढले, आणि त्या उतरण्यातच ११ जण जखमी झाले.

आणि ‘तेच विमान तसंच पुढे पाठवतात’ ही पुरवणी. नाही पाठवत. टर्बाइनची पाती तापमानाची मर्यादा ओलांडून गेली का हे नोंदींवरून पाहतात, बोरोस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, आत घालून एकेक पातं तपासतात, मगच ते इंजिन पुन्हा वापरायचं की उतरवायचं हे इंजिनिअर ठरवतो.