डिंक्याला बुरशी म्हटलं काय, न म्हटलं काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, संत्र्याच्या डिंक्यावरच्या, म्हणजे बुंध्यातून डिंक गळून झाड वाळवणाऱ्या रोगावरच्या, मागच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "बुरशी म्हणा नाहीतर जलबुरशी, माझं झाड वाळायचं थांबतं का? मोरचूद-चुना आमचे आजोबाही लावायचे. आणि ऑस्ट्रेलियातल्या जंगलाचं वरूड-मोर्शीच्या संत्र्याशी काय देणंघेणं?" तुमचा राग मला समजतो. वाढवलेलं झाड डोळ्यांदेखत वाळताना मीही पाहिलंय.

आधी नावाचं बोलू. आमच्या बागेत बुंध्यातून डिंक ओघळायला लागला तेव्हा दुकानातून कार्बेन्डाझिम आणलं. पुड्यावर बुरशीनाशक लिहिलेलं, रोगही बुरशीचा, मग शंका कशाला? दोन पावसाळे ते आळ्यात ओतत राहिलो आणि झाडं पिवळी पडतच गेली. औषध खोटं नव्हतं. ते ज्या बुरशांना मारतं त्यांत डिंक्या आणणारी फायटोफ्थोरा ही जलबुरशी येतच नाही. दिसायला ती बुरशीसारखी, पण खरी बुरशी नव्हे. वंशाने ती अळंबीपेक्षा समुद्रातल्या तपकिरी शेवाळाला जवळची आहे. ट्रायझोल गटातली बुरशीनाशकं बुरशीला तिच्या पेशीच्या आवरणाला लागणारं अर्गोस्टेरॉल बनवू देत नाहीत. फायटोफ्थोरा ते मुळात बनवतच नाही, मग अडवणार काय? प्रयोगशाळेत मातीतून तिला वेगळी काढताना खाद्यात मुद्दाम पिमॅरिसिन हे बुरशी मारणारं औषध मिसळतात. बाकीच्या बुरशा दबतात आणि ही तेवढी वाढते. हिच्यावर चालतात ती मेटालॅक्झिल, फोसेटिल अशी वेगळी औषधं. आमचे दोन हंगाम गेले ते नावाच्याच घोळात, म्हणून मी त्या नावावर इतका अडून बसतो.

आजोबांच्या मोरचूद-चुन्याबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि ते मी मागच्या लेखात लिहायला हवं होतं. मोरचुदातलं तांबं खरी बुरशी आणि जलबुरशी, दोन्हींवर चालतं. किंबहुना बोर्डो मिश्रण, म्हणजे हेच मोरचूद-चुन्याचं पाणी, सापडलं तेच एका जलबुरशीमुळे. फ्रान्समध्ये बोर्डोच्या आसपास वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. नेमक्या त्याच वेलींवर केवडा हा जलबुरशीचा रोग पडला नाही, हे मिलार्दे या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेला आलं आणि 1885 मध्ये त्याने ते मिश्रण जगापुढे मांडलं. पेस्टसाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात, लोखंडी घमेल्यात नाही. विळ्याचं पातं बुडवून बघा, तांबूस झालं तर चुना कमी पडलाय. पण पेस्ट बुंधा वाचवते. जमिनीखालच्या तंतुमुळांपर्यंत ती पोचत नाही, आणि बाग बसते ती बहुतेकदा तिथूनच.

आता जंगलाचं. पश्चिम ऑस्ट्रेलियात जर्राची (ही निलगिरीचीच एक जात) झाडं 1920 च्या दशकापासून पट्ट्यापट्ट्याने वाळत होती आणि कारण हाती लागत नव्हतं. ते 1965 मध्ये प्रसिद्ध झालं: फायटोफ्थोरा सिनॅमोमी, आपल्या डिंक्याच्या जलबुरशीची बहीण. ते शोधणाऱ्या तिघांतला एक, झेंटमायर, कॅलिफोर्नियात अव्होकाडोच्या मूळकुजीवर काम करणारा माणूस होता. म्हणजे जंगलाचं कोडं सुटायला बागेतली ओळख कामी आली. रोग तिथे पसरला तो रस्त्यांसाठी वाहून नेलेल्या मुरुमातून आणि गाड्यांच्या चाकांना चिकटलेल्या चिखलातून. कॅलिफोर्नियातल्या ओकच्या जंगलात फायटोफ्थोराची दुसरी जात पोचली ती रोपवाटिकेतल्या शोभेच्या झाडांबरोबर. मुरूम, चाकं, रोपवाटिका. आपल्याकडेही हेच आहे ना? एका बागेतून दुसऱ्या बागेत जाणारा ट्रॅक्टर चिखल घेऊनच जातो. आम्ही आणलेल्या कलमांच्या पिशवीतल्या मातीतच रोग होता, हे आम्हाला झाडं चार वर्षांची झाल्यावर कळलं.

शोधायची पद्धतसुद्धा दोन्हीकडे एकच आहे. जंगलात ओढ्याच्या पाण्यात ऱ्होडोडेंड्रॉनची पानं जाळीच्या पिशवीत घालून ठेवतात. बागेसाठी बुंध्याजवळची माती पाण्यात कालवून वर संत्र्याच्या पानांचे तुकडे तरंगत ठेवतात. दोन शेपट्यांचे बीजाणू पोहत येऊन पानाला चिकटतात आणि काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली लिंबाच्या आकाराच्या इवल्या पिशव्या दिसतात. एकदा ते पाहिलं की पाटाचं पाणी या बुंध्यावरून त्या बुंध्याला सोडायचा धीर होत नाही. दुहेरी आळं करा, बुंध्याला पाणी लागू देऊ नका, असं जे सांगतात ते याचसाठी. कलम घेतानाही डोळा (खुंटावर बांधलेली संत्र्याची कळी) जमिनीपासून 9 इंच तरी वर भरलेला बघून घ्या आणि लावताना तो जोड मातीत गाडू नका.

तुमच्या बागेत पाणी जिथे साचतं तिथल्या, अजून डिंक न दिसलेल्या झाडाजवळ वीतभर उकरा. चार तंतुमुळं चिमटीत धरून हलकेच ओढा. साल मोज्यासारखी निघून आली आणि हातात दोऱ्यासारखा धागा उरला, तर मुळं कुजायला लागलीत. मग मातीचा नमुना नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेकडे तपासायला द्या. काय दिसलं ते इथेच लिहा, मी वाट बघतो.