फीवाढ टक्क्यांत मोजू नका, प्रवेशाच्या दिवशी किती भरावे लागतात ते मोजा

सार्वजनिक विद्यापीठाची फी वाढली की चर्चा टक्क्यांवर येऊन थांबते. इतके टक्के वाढवली, आंदोलन झालं, थोडी मागे घेतली, विषय संपला. पण ज्या घरात महिन्याला पंधरा हजार येतात त्या घराला टक्के नको असतात. त्यांना दोन गोष्टी कळायला हव्यात. प्रवेशाच्या दिवशी किती पैसे भरायचे, आणि त्यातले परत मिळणार असतील तर कोणत्या महिन्यात? विद्यापीठाच्या फीच्या परिपत्रकात ही दोन्ही उत्तरं नसतात. गरीब मुलं गळतात ती नेमकी इथे.

आधी पावती नीट वाचायला शिकू. शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क या दोन ओळी सगळ्यांना माहीत असतात. त्यांच्याखाली प्रयोगशाळा, ग्रंथालय, जिमखाना, विकास निधी, ई-सुविधा, विमा, ओळखपत्र, अनामत अशी रांग लागते. राज्य सरकारच्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाला निम्मी सवलत आहे, पण ती शिक्षण आणि परीक्षा शुल्कात. खालच्या रांगेला ती लागू होत नाही.

गणित करून बघा. समजा शिक्षण आणि परीक्षा शुल्क मिळून ४०,००० आणि बाकीची रांग १२,०००, म्हणजे एकूण ५२,०००. सवलत २०,००० ची. कागदावर ती निम्मी, प्रत्यक्षात ३८ टक्के. आता विद्यापीठाने ३,००० रुपये वाढवायचे ठरवले. ते शिक्षण शुल्कात वाढवले तर निम्मा भार सरकार उचलतं. विकास निधीत वाढवले तर सगळेच्या सगळे मुलाच्या खिशातून जातात. वाढ तेवढीच, ओळ बदलली की भार दुप्पट. म्हणून 'शिक्षण शुल्क वाढवलेलं नाही' असं कुणी सांगितलं की मला जास्त काळजी वाटते.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात (जेएनयू) २०१९ साली हेच झालं. तिथल्या वादात शिक्षण शुल्क नव्हतंच. वसतिगृहाचं महिन्याचं भाडं दोघांच्या खोलीत १० वरून ३०० रुपये आणि एकट्याच्या खोलीत २० वरून ६०० रुपये करायचं ठरलं होतं. चर्चेत हेच आकडे राहिले. पण त्यांच्याहून मोठा आकडा शेजारच्या ओळीत होता: महिना १,७०० रुपये सेवा शुल्क, जे आधी कधी घेतलंच जात नव्हतं.

उत्पन्नाच्या मर्यादेचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यावर फारच कमी बोललं जातं. आयआयटीची बी.टेक.ची वार्षिक फी २०१६ साली ९०,००० वरून २ लाख झाली. त्याच वेळी अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि एक लाखाच्या आत उत्पन्न असलेल्यांना पूर्ण माफी, तर एक ते पाच लाखांच्या घरांना दोन तृतीयांश माफी मिळाली. माफी चांगलीच आहे. पण खुल्या वर्गातल्या एका घराचं उत्पन्न ४ लाख ९५ हजार असेल तर वर्षाला साधारण ६६,७०० रुपये, आणि शेजाऱ्याचं ५ लाख ५ हजार असेल तर थेट २ लाख. दहा हजारांच्या फरकासाठी सव्वा लाखाहून जास्त दंड. सवलतीला उतार हवा, कडा नको. एक-एक लाखाच्या टप्प्याने माफी कमी करत नेली तर हा प्रश्न सुटतो, आणि त्यासाठी वेगळा पैसाही फारसा लागत नाही.

विद्यापीठं फी का वाढवतात? त्यांची बाजू खोटी नाही. १९९३ साली न्या. पुन्नय्या समितीने विद्यापीठांनी आवर्ती, म्हणजे दरवर्षी होणाऱ्या, खर्चाचा हिस्सा स्वतः उभा करावा, पाच वर्षांत १५ टक्के आणि दहा वर्षांत २५ टक्के, अशी शिफारस केली. तेव्हापासून दिशा ठरलेली आहे. २०१७ साली 'हेफा' ही उच्च शिक्षण संस्थांना कर्ज देणारी कंपनी आली आणि केंद्रीय संस्थांना इमारती-प्रयोगशाळांसाठी अनुदानाऐवजी कर्ज मिळू लागलं. जुन्या तंत्रशिक्षण संस्थांनी मुद्दल पूर्णपणे स्वतःच्या उत्पन्नातून फेडायचं, जुन्या केंद्रीय विद्यापीठांनी १० टक्के. 'स्वतःचं उत्पन्न' म्हणजे काय? त्यात मोठा वाटा फीचाच असतो. कोठारी आयोगाने १९६६ साली शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च सुचवला होता, २०२० च्या धोरणातही ६ टक्केच लिहिले आहेत. मधली चोपन्न वर्षं गेली.

महाराष्ट्रात फीवाढीचा सर्वांत मोठा मार्ग मात्र ठरावातून जातच नाही. एकाच महाविद्यालयात, एकाच इमारतीत बी.एस्सी. भौतिकशास्त्र अनुदानित असतं आणि बी.एस्सी. संगणकशास्त्र विनाअनुदानित. पहिल्यात शिक्षकांचा पगार सरकार देतं, म्हणून फी कमी. दुसऱ्यात पगार, संगणक, देखभाल सगळं मुलांच्या फीतून. मंजूर पदं वर्षानुवर्षं भरली जात नाहीत, वर्ग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतात, पारंपरिक तुकड्या ओस पडतात आणि नोकरीच्या आशेने मुलं विनाअनुदानित तुकडीत जातात. कुणीही फी वाढवलेली नसते, तरी त्या गावातल्या मुलांचा सरासरी खर्च वाढलेला असतो. याची नोंद कोणत्याच आकडेवारीत फीवाढ म्हणून होत नाही.

दुसरं टोक अलाहाबाद विद्यापीठाचं. पदवीची वार्षिक फी ९७५ रुपये होती, ती २०२२ साली एकदम ४,१५१ झाली. रक्कम आजही खासगी कॉलेजांच्या मानाने लहानच आहे, पण अनेक वर्षं न वाढवता एका वर्षात चौपट करणं ही प्रशासनाची चूक आहे. दरवर्षी महागाईइतकी, आधी जाहीर केलेली वाढ घराला झेपते. अशी उडी झेपत नाही. शिवाय ज्या तुकडीने ज्या फीत प्रवेश घेतला तीच फी अभ्यासक्रम संपेपर्यंत राहायला हवी. दुसऱ्या वर्षाला फी वाढली तर मुलाला दुसरीकडे जाण्याची वाटच उरत नाही.

आता परत येणाऱ्या पैशांविषयी, कारण घोळ सर्वांत जास्त इथेच होतो.

महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, अर्ज भरला म्हणजे काम झालं असं समजू नका. अर्ज आधी महाविद्यालयाच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग विभागाकडे जातो. त्रुटी काढून परत पाठवलेला अर्ज मुलाने उघडलाच नाही तर तो तसाच पडून राहतो आणि मुदत निघून जाते. आठवड्यातून एकदा स्वतः लॉगिन करून अर्ज कुणाकडे आहे ते बघा. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो. निकालानंतर जूनमध्ये सगळे एकदम तहसीलला धावतात आणि दाखल्याला उशीर होतो, म्हणून एप्रिलमध्येच नव्या वर्षाचा काढा. दाखल्यावरचं, आधारवरचं आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळायला हवं.

पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जातील असं गृहीत धरू नका. ते एनपीसीआय या बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि तिथे शेवटचं जोडलेलं खातं चालतं. मध्येच दुसऱ्या योजनेसाठी नवं खातं उघडून आधार जोडलं असेल तर शिष्यवृत्ती त्या विसरलेल्या खात्यात जाऊन पडते. आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली आहे ते दोन मिनिटांत दिसतं.

अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत (उत्पन्न मर्यादा अडीच लाख) केंद्राचा ६० टक्के हिस्सा आता थेट मुलाच्या खात्यात येतो, आणि फीचा भाग सात दिवसांत महाविद्यालयात भरायचा असतो. हेतू बरोबर आहे. पण पैसे वर्ष संपता संपता आले आणि तोवर घराने मेससाठी उधारी केलेली असली, तर ते सात दिवसांत दुसरीकडेच जातात. मग गुणपत्रिका अडते. दोष मुलाचा नाही, उशिराचा आहे.

मुलींसाठी ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय मोठा आहे: आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. संस्था स्तरावरच्या किंवा व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला माफी नाही. घाईत तशी जागा घेण्याआधी हे तपासा. आणि इथेही खालची रांग भरावीच लागते.

प्रवेश रद्द केला तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमाप्रमाणे प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या १५ किंवा जास्त दिवस आधी १०० टक्के (फार तर ५ टक्के, तेही जास्तीत जास्त ५,००० रुपये, प्रक्रिया शुल्क कापून), त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९०, तारखेनंतर १५ दिवसांत ८०, तीस दिवसांत ५० टक्के परत मिळतात. मूळ कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत. राज्याच्या सीईटी कक्षामार्फत (प्रवेश परीक्षा घेणारा विभाग) होणाऱ्या प्रवेशांना वेगळी मुदत असते, ती आधी बघा. रद्द करण्याचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या. नियम तोंडी मागितला तर मिळत नाही.

'कर्ज आहे ना' हे उत्तर मला मान्य नाही. दरवर्षी १ लाख असे चार वर्षं उचलले, व्याज १० टक्के धरलं, शिक्षण अधिक एक वर्ष हप्ता नाही, तरी त्या काळात सरळ व्याजाचे १,४०,००० चढतात. हप्ता सुरू होतो तो ५,४०,००० वर: दहा वर्षांसाठी महिना साधारण ७,१४० रुपये. पहिल्या नोकरीत वीस हजार मिळवणाऱ्या मुलाला हे एक तृतीयांशाहून जास्त आहे. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्ज योजनेत आठ लाखांपर्यंतच्या घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता नसलेल्या काळात ३ टक्के व्याज सवलत आहे, पण २०२४ साली योजना आली तेव्हा यादीत संस्था होत्या ८६०. तालुक्याच्या बहुतेक संलग्न महाविद्यालयांचं नाव त्यात नाही.

विद्यापीठाचा अर्थसंकल्प अधिसभेपुढे (सिनेट) येतो. नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी तिथे बसतात, ते आपल्याच मतांवर निवडून येतात. त्यांना आत्ताच विचारून ठेवण्यासारखं आहे: शिक्षण शुल्क सोडून बाकीच्या ओळींतून किती जमा झाले, त्यातले किती खर्च झाले, आणि किती मुदत ठेवीत आहेत? विकास निधी खर्चच झाला नसेल तर पुढच्या वर्षी तो का घ्यायचा? आणि सवलतीस पात्र मुलाला माफ होणारी रक्कम आधी भरायला लावायची नाही, बाकीचीही हप्त्यांत आणि दंडाशिवाय घ्यायची, हे प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर छापून घ्या.