सगळंच आपल्याला जमतं, मग आयात कशाला?

एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय: ‘जो देश सगळ्याच वस्तू इतरांपेक्षा कमी श्रमात बनवतो, त्याने बाहेरून काही घेणं हा मूर्खपणा. शिवाय आयात जीडीपीतून वजा होते, म्हणजे जेवढी आयात तेवढा देश गरीब.’ ऐकायला बिनतोड. आकडे मांडले की गडबड कळते.

आधी पहिलं वाक्य. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने 1817 मध्ये नेमका हाच प्रसंग घेतला होता. ठरावीक कापडासाठी इंग्लंडला 100 माणसांचं वर्षभराचं काम लागतं, ठरावीक वाइनसाठी 120 जणांचं. पोर्तुगालला अनुक्रमे 90 आणि 80. म्हणजे पोर्तुगाल दोन्हींत सरस. मेसेजच्या न्यायाने त्याने इंग्लंडच्या कापडाकडे ढुंकूनही बघू नये. पण दोन्ही घरीच करायचं तर त्याची 170 माणसं गुंततात. कापड सोडून दुप्पट वाइन केली आणि निम्मी देऊन तेवढंच कापड घेतलं, तर 160 पुरतात. तिकडे इंग्लंडचं काम 220 ऐवजी 200 मध्ये भागतं. माल तेवढाच, 30 माणसं मोकळी! पोर्तुगालला कापड जमत नाही असं नाही. कापडाला लावलेला माणूस वाइनवरून काढावा लागतो, आणि तेच महागात पडतं. तुलनात्मक लाभ म्हणतात तो हाच.

आता जीडीपी, म्हणजे देशात वर्षभरात झालेल्या उत्पादनाचं एकूण मोल. त्याच्या सूत्रात उपभोग, गुंतवणूक, सरकारी खर्च आणि निर्यात यांच्या बेरजेतून आयात वजा होते, हे खरं. (इथे अर्थशास्त्र शिकलेलेही घसरतात.) पण उपभोग, गुंतवणूक आणि सरकारी खर्च मोजताना परदेशी मालही त्यात धरलेला असतो. 500 ची परदेशी वस्तू घेतली की उपभोगात 500 अधिक, आयातीत 500 उणे. जीडीपी जागच्या जागी. ती वजाबाकी फक्त आधी धरलेलं काढून टाकते.

मात्र मुक्त व्यापाराचे भाट एक गोष्ट गिळून टाकतात. ती 30 माणसं कागदावर मोकळी होतात. विणकर दुसऱ्या दिवशी द्राक्षमळ्यात कामाला लागत नाही. ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या अर्थशास्त्रज्ञांच्या 2013 च्या अभ्यासात अमेरिकेच्या ज्या भागांतले कारखाने चिनी मालाच्या स्पर्धेत सापडले, तिथे बेरोजगारी वाढलेली आणि वेतन घटलेलं दिसलं. रिकार्डोच्या उदाहरणात भांडवलही देश सोडून जात नाही. आज ते सर्रास जातं. आयातीविरुद्ध बोलायचं तर या मुद्द्यांवर बोलता येईल. फिरणाऱ्या मेसेजमध्ये त्या विणकराबद्दल अवाक्षर नाही.