आजीचं नाव कुठल्या मस्टरवर?

परवा लालबागच्या कट्ट्यावर बाळ्याच्या आजीवरून जुंपली. बाळ्या नेहमीसारखा फुशारकी मारत होता, "आमच्या आजोबांनी गिरणीच्या एकट्याच्या पगारावर सहा माणसांचं घर चालवलं!"

मास्तरांनी चहा खाली ठेवला. "एकट्याच्या? आजोबा साचेखात्यात, म्हणजे मागावर, राहायला गाळ्यात, पाळीपाळीने झोपायचं. मनिऑर्डरीत मीठमिरची आणि कापडचोपड भागायचं. भात कुणी पिकवला? तिकडे कोकणात आजीने. मालकाला एका पोटाचा पगार देऊन चालत होतं, कारण बाकीची पोटं तिच्याकडे होती. पुढचा कामगारही तिनेच वाढवून धाडला. तुझा बाप गिरणीतच बदलीवर, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी, लागला ना?"

"झालं, मार्क्स आला," वकील म्हणाला. "गिरण्या नव्हत्या तेव्हा बायका काय झोपाळ्यावर बसायच्या? जातं मालकाने आणलं?"

मुद्दा बिनतोड होता. मास्तरांनी मग मार्क्सचा साथीदार एंगल्स काढला. १८८४ सालचं त्याचं म्हणणं असं की, खाजगी मालमत्ता आली, वारस आपलाच हवा म्हणून बाईवर पहारा बसला. या एंगल्सच्या बापाची मँचेस्टरात सुताची गिरणी, आणि हा तिथेच कामाला.

"घरचा भेदी!" बाळ्या खूश.

"पण आजोबांची मालमत्ता काय, एक पत्र्याची ट्रंक. वारसाची चिंता कुठली?" वकिलाने विचारलं.

"तेच तो म्हणतो, कामगाराच्या घरात ते कारणच उरत नाही," मास्तर म्हणाले.

"मग आजी का राबत होती?"

मास्तर चाचरले. इथे एंगल्स तोकडा पडतो, असं माझंही मत. १९७२ च्या सुमारास इटलीतल्या बायकांनी घरकामाला पगार मागितला, तो या फटीत बोट घालूनच.

एवढ्यात पोळीभाजी केंद्रवाल्या काकू बोलल्या. "माझी सासू चाळीत पंधरा जणांची खाणावळ चालवायची. पीठ एक, चूल एक. गाळ्यातल्यांच्या भाकऱ्या वहीत मांडायची, नवऱ्याच्या नाही." अशाच खाणावळवाल्यांना घेऊन प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, कारण सावकार सोडून त्यांना कर्ज द्यायला कुणी तयार नव्हतं.

बाळ्या मात्र हटेना. "आणि गिरणी संपात? १८ जानेवारी १९८२, अडीच लाख माणूस बाहेर. आजोबा गावी गेले, दीड वर्ष आजीच्या भातावर काढलं. ते घर नसतं तर पहिल्या दोन महिन्यांत मालकापुढे हात जोडावे लागले असते. मग कुटुंब मालकाच्या फायद्याचं की आमच्या?"

मास्तर गप्प. वकीलसुद्धा गप्प, हे विशेष. मलाही ते पटलं. फक्त एक राहून गेल्यासारखं वाटलं.

"बाळ्या, त्या पावसाळ्यात आजोबा लावणीला उतरले होते का रे?"

"आजोबा? छे! ते देवळात पत्ते कुटायचे."

काकू इतक्या जोरात हसल्या की टपरीवाल्याने वळून पाहिलं.