मोस्कोनी म्हणे 'आऊटडेटेड'!

सकाळी ग्रुपवर कुणीतरी 'पूलचे सर्वकालीन टॉप टेन' टाकलं. पूल म्हणजे क्यूने, त्या लांब काठीने, टेबलावरचे बॉल खिशांत पाडायचा खेळ. जुना अमेरिकन खेळाडू विली मोस्कोनी सातवा. खाली एका पोराची कॉमेंट, "तेव्हा कॉम्पिटिशनच कुठे होती? आजच्या फिलरपुढे पाच मिनिटं टिकला नसता." फिलर म्हणजे आजचा जर्मन स्टार जोशुआ फिलर. डोकंच फिरलं.

अरे, मोस्कोनी खेळायचा स्ट्रेट पूल. चौदा बॉल पॉट करायचे (खिशात पाडायचे), पंधरावा ठेवायचा, चौदा पुन्हा रचायचे आणि तो पंधरावा पॉट करता करता व्हाइटने, म्हणजे मारायच्या पांढऱ्या बॉलने, रॅक (रचलेले बॉल) फोडायचा. 1954 मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला त्याने असे सलग 526 बॉल घेतले. 1941 ते 1957 या काळात 15 वेळा वर्ल्ड टायटल. फिलर खेळतो नाइनबॉल, नऊच बॉलचा खेळ, जिथे ब्रेक (पहिला फटका) बसला की अर्धी फ्रेम खिशात. ही दोन माणसं एका यादीत कुठल्या हिशोबाने?

मोस्कोनीचं टेबल आठ फुटी, म्हणजे लहान होतं, मान्य. 2019 मध्ये जॉन श्मिटने 626 केले, तेही मान्य. पण तो आठवडेच्या आठवडे कॅमेरा लावून त्याच एका आकड्यामागे होता. मोस्कोनी नुसता प्रदर्शनी सामना खेळायला गेला होता!

आमच्या जिमखान्यातल्या मार्करकाकांबद्दल (मार्कर म्हणजे टेबल सांभाळणारा, गुण मोजणारा) मी आधीही लिहिलंय, पुन्हा लिहितो. एका मेंबरचा मुलगा स्वतःची इंपोर्टेड क्यू घेऊन यायचा आणि स्नूकरमध्ये काकांना सरळ हरवायचा. काकांच्या हातात भिंतीवरची, टिप झिजलेली क्यू. एका दुपारी ते शांतपणे म्हणाले, "छोटे साहेब, आता बिलियर्ड्स लावू?" टेबलावर तीनच बॉल. कॅनन (आपला बॉल दोन्ही बॉलना लावणं), इन-ऑफ (दुसऱ्या बॉलला लागून आपला बॉल खिशात), परत कॅनन. छोटे साहेब बराच वेळ खुर्चीतच. आता सांगा, दोघांत मोठा कोण? ज्याने खेळ निवडला तो!

म्हणून मी टायटलं मोजत नाही. दुसऱ्याच्या खेळात उतरून कोण जिंकलं, तेवढं बघतो. मग फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसच्या जवळपास कुणी येत नाही. मनिलात काकाच्या पूल हॉलमध्ये वाढलेला, रात्री टेबलावरच झोपणारा पोरगा. 1985 मध्ये अमेरिकेत 'सीझर मोरालेस' या खोट्या नावाने खेळला आणि भल्याभल्यांना लोळवून आला. 1999 मध्ये नाइनबॉलचा विश्वविजेता, 2004 मध्ये एटबॉलचा. वन पॉकेटमध्ये (प्रत्येकाला एकच खिसा) तर त्याच्याशी पैसे लावायला लोक घाबरायचे. 1995 मध्ये रेनोला अमेरिकन अर्ल स्ट्रिकलंडविरुद्ध बॉल दिसतसुद्धा नव्हता, तर पठ्ठ्याने दोन कुशनवरून (टेबलाच्या रबरी कडांवरून) झेडसारखी व्हाइट फिरवून तो पॉट केला. यूट्यूबवर आहे, बघा. मार्करकाकांना तो शॉट दाखवायला हवा होता. आमच्या हॉलमध्ये तेवढं डोकं त्यांचंच चालायचं.

आणि बाई एकही नाही यादीत? अ‍ॅलिसन फिशर स्नूकरची सात वेळा विश्वविजेती, मग अमेरिकेत जाऊन नाइनबॉलही जिंकली. पण असो, यादी करणाऱ्याने नावही ऐकलं नसेल.

आजची पोरं ब्रेक जास्त जोरात मारतात, जंप शॉट सहज खेळतात, सेफ्टीही (समोरच्याला अडकवणारा फटका) चांगली. बरं. क्यू कार्बन फायबरची, कापड गुळगुळीत, शिकायला हजार व्हिडिओ. विल्सन जोन्सकडे काय होतं? पुण्यात जन्मलेला हा माणूस 1958 मध्ये कोलकात्यात बिलियर्ड्सचा जगज्जेता झाला, 1964 मध्ये न्यूझीलंडमध्ये पुन्हा. पुण्यात कुणाला विचारा, माहीत नाही. पंकज अडवाणीही पुण्यात जन्मलेला, हेही कुणाला माहीत नसतं. बिलियर्ड्स आणि स्नूकर दोन्हीत विश्वविजेता. व्यावसायिक स्नूकरमधून दोन सीझनमध्ये परत आला, खरंय. पण दोन्ही खेळांत एकाच हाताने फटक्याचं वजन सांभाळणं काय असतं, हे आमचे मार्करकाका सांगू शकले असते. बिलियर्ड्समध्ये बॉल कुशीत ठेवायचा, स्नूकरमध्ये टेबलभर पळवायचा. जोन्सचं नाव ते साहेब लावल्याशिवाय घेत नसत.

ज्या पोराने कॉमेंट केली, त्याला माझा राग नाही आता. आमच्या हॉलवर ये, एक तास स्ट्रेट पूल खेळू, बिल माझं. आणि कृपया खाली 'ओ'सलिव्हन का नाही' लिहू नका. तो स्नूकरवाला, त्याच्यावर रविवारी भांडू.