जामीन, क्लार्क आणि नीतिसूत्रे : एका प्रतिक्रियेला उत्तर

'स्पष्टवक्ता' यांस नमस्कार,

बायबलमधल्या 'नीतिसूत्रे' या पुस्तकाचे अध्याय एकतीस, म्हणून तारखेप्रमाणे रोज एक वाचायचा, या आमच्या घरच्या रिवाजावर मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एकदा रागात, एकदा चहा घेऊन. फारसा फरक पडला नाही.

आधी तुमचं बरोबर आहे ते. सगळी नीतिसूत्रे शलमोन राजाची, हे मी चुकीचं लिहिलं. तिसावा अध्याय आगूराचा, एकतिसावा लमुएल राजाला त्याच्या आईने शिकवलेला. दुरुस्ती केली आहे. पण तेवढ्यासाठी 'जरा अभ्यास करून लिहीत जा' कशाला? इतका मास्तरी सूर आमच्या संडे स्कूलमध्येही कुणी लावला नाही.

आता तुमचं ते वाक्य : "जामीन राहू नये हे कळायला बायबल कशाला, बँकेतला क्लार्कही सांगेल."

नाही सांगत हो! चुलतभावाच्या टेम्पोच्या कर्जाला मी एका पतसंस्थेत जामीन राहिलो, तेव्हा पेन पुढे केलं ते क्लार्कनेच. "सर, फक्त फॉर्मॅलिटी." जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच, हे १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ मला नोटीस आल्यावर वकिलाने समजावलं. तोही फी घेऊन.

आणि हो, जामिनाचा इशारा नीतिसूत्रांत ६, ११, १७, २०, २२ आणि २७ या अध्यायांत आहे. म्हणजे आईच्या तोंडून महिन्याला सहा वेळा ऐकत वाढलो, तरी सही केली. हसायचं असेल तर हसून घ्या.

पण क्लार्क फार तर 'सही करू नका' म्हणेल. करून बसलेल्याने काय करायचं? मी आठ महिने रुसून बसलो होतो. चूक हप्ते थकवणाऱ्या चुलतभावाची, तर त्याने यावं! माझ्या पगारातून त्याचे हप्ते कापले जात होते आणि आम्ही लग्नकार्यातही एकमेकांकडे पाहत नव्हतो. एका सहा तारखेला आईने सहावा अध्याय वाचला. त्यात सांगितलंय ते असं : जा, कमीपणा घे, त्याच्या मागे लाग, डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस, पारध्याच्या हातून हरिणी सुटते तसा सूट. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याच्या दारात उभा राहिलो. मग दर रविवारी देवळातून थेट तिकडेच. त्याने टेम्पो विकला, उरलेले पैसे थोडे थोडे करून चौदा महिन्यांत फेडले. कोर्टकचेरी झाली नाही. तो आजही नाताळला फराळाला येतो.

हे तुमच्या क्लार्कने सांगितलं असतं?

बायबलला तुम्ही 'आयात केलेलं शहाणपण' वगैरे म्हटलंत, त्याला उत्तर देत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून मूळ भाषांवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर जरा चाळा. तुकोबा आम्हीही वाचतो. तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असं ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकच म्हणत.

सव्विसाव्या अध्यायात चौथं वचन म्हणतं, मूर्खाला उत्तर देऊ नकोस. लगेच पाचवं म्हणतं, दे. तुम्हाला मूर्ख म्हणत नाही, पण मी पाचवं धरलं.

प्रतिक्रिया काढून टाकलेली नाही. पुढच्या वेळी खऱ्या नावाने लिहा.