खुलासा: डर्टवरचे घोडे आणि परदेशातलं गवत

गेल्या आठवड्यात मी लिहिलं होतं, "केंटकी डर्बी जिंकलेला एकही घोडा युरोपात गवतावर जिंकलेला नाही, कॅलिफोर्निया क्रोमही अ‍ॅस्कॉटला हरला." (केंटकी डर्बी ही अमेरिकेतली मोठी शर्यत, ती डर्टवर, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर होते. कॅलिफोर्निया क्रोम हा तिचा 2014 चा विजेता, आणि अ‍ॅस्कॉट हे इंग्लंडमधलं गवताचं रेसकोर्स.) ही पोस्ट बरीच फिरतेय. त्यातली दोन्ही विधानं चुकीची आहेत, आणि चूक माझीच. जुन्या निकालांच्या नोंदी पुन्हा पाहिल्यावर ती लक्षात आली.

1928 चा डर्बी विजेता रे काउंट इंग्लंडला गेला आणि 1929 मध्ये एप्समला कॉरोनेशन कप जिंकला. 1935 चा ट्रिपल क्राउन विजेता (म्हणजे केंटकी डर्बीसह अमेरिकेतल्या तीन मोठ्या शर्यती एकाच वर्षी जिंकलेला) ओमाहा 1936 मध्ये इंग्लंडमधल्या केम्प्टनला दोन शर्यती जिंकला. पुढे अ‍ॅस्कॉट गोल्ड कपमध्ये, अडीच मैल पळून, क्वाश्ड नावाच्या घोडीकडून तो निसटता हरला. असं हरणंसुद्धा मानाचंच, असं माझं मत.

कॅलिफोर्निया क्रोम 2015 मध्ये अ‍ॅस्कॉटला धावलाच नाही. पायाच्या दुखण्यामुळे नाव मागे घेतलं गेलं. त्याआधी 2014 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेल मारला, म्हणजे घरच्याच गवतावर, त्याने हॉलिवूड डर्बी जिंकली होती. 2011 चा डर्बी विजेता अ‍ॅनिमल किंगडम मात्र 2013 मध्ये अ‍ॅस्कॉटला खरंच मागे पडला, अकरावा आला.

म्हणजे हे अवघड आहे, अशक्य नाही. पाय माती कसे पकडतात, चढ-उतार, उजवीकडचं वळण, प्रवास, सगळंच बदलतं. आपल्या महालक्ष्मीला शर्यती गवतावरच होतात, म्हणून मातीवरच्या घोड्यांबद्दल आपण पटकन निष्कर्ष काढतो. मीही तेच केलं.

जुनी पोस्ट मी काढून टाकली आहे. तिचा स्क्रीनशॉट कुणी पाठवला असेल, तर कृपया पुढे ढकलू नका, त्याऐवजी हे पाठवा.